हाऊ कोर्स करीसन नोकरी लागी का?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की सकाळ घागरीची पूजा आणि खापरावरचे मांडे यांतच जाते. दुपारी पोरी झोक्यावर असतात, पुरुष पत्त्यांत रमलेले असतात, आणि अशा वेळी एखादा बाप हळूच ओट्यावर येऊन बसतो. यंदा गल्लीतले एक आप्पा आले. खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं, पुण्यातल्या कुठल्याशा क्लासचं. नेटवर्किंग, क्लाउड, सायबर सिक्युरिटी, सगळं एकाच पॅकेजमध्ये आणि शेवटी ठळक अक्षरांत शंभर टक्के प्लेसमेंट. "ताई, हाऊ कोर्स करीसन पोऱ्याले नोकरी लागी का?" हा कोर्स करून पोराला नोकरी लागेल का? पोरगा मागे उभा होता. बीसीए झालेला, मान खाली. फी घरात उरलेल्या कापसाच्या पैशातून जाणार होती.

मी पुण्यात कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या कामात आहे आणि नव्या मुलांच्या मुलाखती घ्यायला बसते. हा प्रश्न मला चाळीसगावात, पाचोऱ्यात, लग्नाच्या पंगतीत, महाराष्ट्र एक्सप्रेसच्या डब्यात, सगळीकडे विचारला जातो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी काळजी असते ती पाहून "हो" किंवा "नाही" एवढंच म्हणून उठता येत नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी हे पाहायला हवं की आपल्या घरांमध्ये सर्टिफिकेटवर इतका विश्वास आला कुठून. तो उगाच आलेला नाही. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि सरकारी भरतीसाठी ते मागितलं जाऊ लागलं, तेव्हा खान्देशातल्या गावागावांत कॉम्प्युटर सेंटरं उघडली. माऊस पहिल्यांदा हातात धरला तो तिथे. त्याआधीपासून टायपिंगच्या तीस-चाळीसच्या परीक्षा होत्या, डीएड होतं, आयटीआय होतं. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करायचा आणि भुसावळला रेल्वेत नाहीतर भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत अप्रेंटिसला लागायचं, हा रस्ता कित्येक कुटुंबांनी डोळ्यांनी पाहिला आहे. या सगळ्या ठिकाणी कागद ही अटच असते. तो नसेल तर अर्जच बाद, असेल तर निदान रांगेत उभं राहता येतं. आप्पांच्या पिढीने हे अनुभवाने शिकलेलं आहे आणि त्यांचं बरोबरच आहे.

आपल्याकडे आयटीत मात्र कायद्याने अशी अट घालणारं कोणीच नाही. डॉक्टरला नोंदणी लागते, सीएला परीक्षा पास व्हावीच लागते, वीजजोडणीचं काम करणाऱ्या वायरमनलासुद्धा परवाना लागतो. राउटर कॉन्फिगर करायला कसलाही परवाना लागत नाही. एखादी कंपनी सीसीएनए, म्हणजे सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीचं सर्टिफिकेट, मागेल, शेजारची मागणार नाही, आणि दोन्ही ठिकाणी एकच काम चालू असेल. म्हणजे इथे कागद पात्रता देत नाही. तो फक्त साक्ष देतो, की या माणसाला अमुक गोष्ट येते असं आम्ही तपासलं आहे. आप्पांना मी बियाण्याच्या पिशवीवरच्या निळ्या टॅगची आठवण करून दिली. उगवणशक्ती आणि शुद्धता तपासली आहे एवढंच तो टॅग सांगतो, पुढची पेरणी, पाणी आणि फवारणी शेतकऱ्याचीच. त्यांना लगेच पटलं.

आता ही साक्ष कोणाला जास्त लागते? माझ्या मते, आपल्याच मुलांना. पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात कंपन्या स्वतः येतात. तिथल्या मुलाचा सीनियर कंपनीत असतो, मावसबहीण असते, सोसायटीतले काका मॅनेजर असतात. एक रेफरल गेला की त्याचा रेझ्युमे निदान उघडला तरी जातो. शहाद्याच्या, रावेरच्या, अमळनेरच्या मुलाच्या घरात आयटीतलं कोणीच नसतं. आपलं विद्यापीठ १९९० पासून जळगावला आहे, २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण हिंजवडीत बसून शेकडो रेझ्युमे चाळणाऱ्या एचआरला त्याखालच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातून काहीच अर्थबोध होत नाही. आपल्याकडे सगळे व्यवहार ओळखीवर चालतात. कुठल्या गावचा, कोणाचा पोरगा, एवढं कळलं की माणूस उधारीसुद्धा देतो. ती ओळख मनमाडच्या पुढे चालत नाही.

सिस्कोची किंवा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काम करणाऱ्या रेड हॅट कंपनीची परीक्षा मात्र नंदुरबारच्या मुलासाठी आणि बंगळुरूच्या मुलासाठी एकच असते. तिला आडनाव, कॉलेज, माध्यम यांतलं काही कळत नाही. ज्याच्यामागे कोणी नाही त्याच्याकडे दाखवायला ही एक गोष्ट असते. म्हणून "सर्टिफिकेटं म्हणजे पैसे उकळण्याचे धंदे" असं जे सरसकट बोललं जातं, ते मला पटत नाही. असं बोलणाऱ्यांना बहुधा पहिली नोकरी ओळखीतून किंवा कॅम्पसमधून लागलेली असते.

पण ही साक्ष मुलाखतीच्या दारापर्यंतच चालते. आत पहिला प्रश्न पडला की तिचं काम संपलं. मी नेहमी एक साधा प्रश्न विचारते. युजरचा फोन आला, इंटरनेट चालत नाही. तू बघितलंस तर मशीनचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय. काय झालं असेल? ज्याने हाताने केलंय तो क्षणात सांगतो: मशीनना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळालेला नाही, म्हणून मशीनने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. मग तो केबल बघतो, स्विचचा पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या चुकीच्या कप्प्यात, आहे का विचारतो, बाकीच्या मशीन चालू आहेत का ते विचारतो, पत्त्यांचा साठा संपला असेल का म्हणतो. त्याचं इंग्रजी अडखळतं, मध्येच मराठी येते, तरी चालतं. आणि ज्याने पाठ केलंय तो मला डीएचसीपीची व्याख्या सांगतो. चारही पायऱ्या क्रमाने, नावांसकट. मी म्हणते, बरोबर आहे, पण युजर फोनवर थांबलाय. तिथे तो गप्प होतो. दोघांच्या रेझ्युमेवर एकच लोगो असतो. हल्ली चॅटजीपीटी कमांड लिहून देतं, त्यामुळे आम्ही कमांड विचारणं कमी केलंय. ती कमांड तिथेच का द्यायची, हे जास्त विचारतो.

व्याख्या पाठ झालेली मुलं तयार होतात ती डंप्समुळे. परीक्षेतले प्रश्न जसेच्या तसे गोळा करून विकले जातात, व्हॉट्सॲपवर फिरतात. काही क्लास तर हीच तयारी म्हणून करून घेतात. पकडलं गेलं तर सिस्कोसारख्या कंपन्या निकाल रद्द करतात, पुढच्या परीक्षांना बंदी घालतात. मला मात्र यात मुलाचं दुसरंच नुकसान मोठं वाटतं. घरच्यांचा पैसा घालून तो अशा खुर्चीत जाऊन बसतो जिथे त्याचं अज्ञान पाच मिनिटांत उघडं पडतं, आणि मग "आपल्याला हे जमणारच नाही" असं मनाशी धरून तो गावी परततो. जमलं असतं. त्याला कोणी करू दिलेलं नसतं.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण पत्रकावर हे कधी नसतं. सीसीएनएची परीक्षा फी ३०० डॉलर, म्हणजे कर धरण्याआधीच पंचवीस हजारांच्या आसपास. एडब्ल्यूएसचं, म्हणजे ॲमेझॉनच्या भाड्याने कॉम्प्युटर देणाऱ्या क्लाउड सेवेचं, सगळ्यात सोपं क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलर, त्यावरचं सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट १५० डॉलर. यातली बरीचशी तीन वर्षांनी मुदत संपणारी, म्हणजे कागदसुद्धा कायमचा नाही. क्लासची फी वेगळी. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं आणि मेस वेगळी. आणि क्लास संपल्यावर जे "कोर्स पूर्ण केल्याचं" प्रमाणपत्र मिळतं ते तर कंपनीची परीक्षा पास झाल्याचं नसतंच, हे कित्येक पालकांना शेवटपर्यंत कळत नाही. फी घेऊन इंटर्नशिपचे दाखले देणाऱ्यांचा तर आता सुळसुळाट झालाय. त्यांच्याबद्दल मी कोणाचंही काही ऐकून घेणार नाही. इंटर्नला पैसे मिळायला हवेत, निदान त्याने द्यावे तरी लागू नयेत.

आप्पांना मी सांगितलं, आत्ता कुठेच पैसे भरू नका. पोराच्या लॅपटॉपला चार जीबी रॅम आहे, ती वाढवून द्या आणि चांगली एसएसडी बसवा. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये दुपारभरात होऊन जाईल. सहा महिने त्याला घरी करू द्या.

घरी काय करायचं, तर अभ्यासक्रम फुकट असतो, ही गोष्ट मला प्रत्येक मुलाला ओरडून सांगाविशी वाटते. परीक्षेत काय विचारणार याची मुद्देसूद यादी सिस्को, रेड हॅट, एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्ट सगळेच आपापल्या साइटवर खुली ठेवतात. परीक्षा द्या किंवा देऊ नका, ती यादी तुमची. गावात बसून एकट्याने शिकणाऱ्याची खरी अडचण पुस्तकं नसणं ही नसतेच, यूट्यूब भरून वाहतंय. अडचण असते ती सुरुवात कुठून, पुढे काय आणि थांबायचं कुठे हे न कळण्याची. सर्टिफिकेटचा अभ्यासक्रम ही अडचण सोडवतो, आणि माझ्या मते नव्या मुलासाठी सर्टिफिकेटचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. त्यात स्विच, राउटर जोडून खोटं ऑफिस उभं करता येतं, तोडता येतं, परत उभं करता येतं. लिनक्स तर फुकटच. इंग्रजीचं ओझं वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतून आहेत. आधी मराठीतून समजून घ्यायचं आणि मग तेच इंग्रजीत वाचायचं. क्लाउडचा सराव करताना मात्र जपून. फुकट आहे म्हणून मशीन चालू करायची, ती बंद करायची विसरायची आणि वडिलांच्या कार्डावर बिल आलं, असं झालेलं मी पाहिलंय. पहिल्याच दिवशी बिलाचा अलर्ट लावून ठेवावा.

कोणतं करावं, या प्रश्नाला माझं उत्तर मुलगा काय करू पाहतोय त्यावर अवलंबून असतं. नेटवर्क, लिनक्स, क्लाउड सपोर्ट, सॉफ्टवेअर टेस्टिंग या बाजूंना सर्टिफिकेटचा उपयोग होतो. टेस्टिंगला आयएसटीक्यूबीचं फाउंडेशन आहे, त्याची मुदतही संपत नाही. प्रोग्रामिंगला माझ्या अनुभवात जवळजवळ उपयोग नाही. जावाचं सर्टिफिकेट आहे आणि स्वतः लिहिलेला एकही चालू प्रोग्राम दाखवता येत नाही, तर त्या कागदाकडे कोणी बघत नाही. मोठ्या सर्व्हिस कंपन्या ॲप्टिट्यूड आणि कोडिंगच्या चाचण्या घेऊन एकदम भरती करतात, टक्क्यांची आणि बॅकलॉगची, म्हणजे राहिलेल्या विषयांची, अट लावतात. अडलेला बॅकलॉग कुठलंही सर्टिफिकेट सोडवत नाही. बॅकलॉग असलेला मुलगा सायबर सिक्युरिटीच्या कोर्सबद्दल विचारतो, तेव्हा मी त्याला आधी मॅथ्स काढायला सांगते. त्याला ते आवडत नाही.

सल्ला कोणाचा घ्यावा हेही आलंच. गावातला एखादा मोठा भाऊ प्रेमाने सांगतो, एमसीएसई कर. मायक्रोसॉफ्टने ते २०२१ च्या सुरुवातीलाच बंद केलंय. दुसरा सांगतो, एससीजेपी कर. ते सन कंपनीचं जावाचं सर्टिफिकेट, ती कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली आणि ते नावच गेलं. आणि मुलं स्वतः यूट्यूबवर अमेरिकेतल्या लोकांना ऐकतात: आधी ए प्लस, मग नेटवर्क प्लस, मग सिक्युरिटी प्लस, ही सगळी कॉम्पटिया संस्थेची सर्टिफिकेटं. तिकडे त्याला कारण आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ च्या नियमावलीने माहिती-सुरक्षेच्या कामासाठी ठरावीक सर्टिफिकेटं सक्तीची केली, तिथे सिक्युरिटी प्लससारख्या सर्टिफिकेटाशिवाय काही खुर्च्यांवर बसताच येत नसे. ती सक्ती वाशिंग्टनमध्ये, आणि ती ऐकून पैसे भरायचे धरणगावात, याला अर्थ नाही. पुणे-मुंबईच्या जाहिराती उघडून बघाव्यात. आपल्याला हव्या त्या कामाच्या जाहिरातीत जे नाव पुन्हा पुन्हा येतं, तेच करावं. आणि माहिती-सुरक्षेच्या सीआयएसएसपीसारखी नावं मोहात पाडतात, पण त्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो. फ्रेशरला तो क्लास विकणारा माणूस फसवतोच आहे.

एक गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही, ती म्हणजे कंपनीला स्वतःला सर्टिफाइड माणसं का हवी असतात. सिस्को, एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्ट यांच्या पार्टनर कंपन्या असतात. पार्टनर म्हणून वरचा दर्जा मिळवायचा किंवा टिकवायचा तर पदरी अमुक इतके सर्टिफाइड लोक दाखवावे लागतात. दर्जा वाढला की सवलती मिळतात, टेंडर भरता येतात. म्हणून बँकांचं, हॉस्पिटलांचं, कारखान्यांचं नेटवर्क बसवून देणाऱ्या मध्यम आकाराच्या सिस्टिम इंटिग्रेटर कंपन्यांमध्ये सीसीएनए असलेल्या नव्या मुलाला खरी किंमत असते, कधी कधी बड्या कंपनीपेक्षा जास्त. पगार सुरुवातीला कमी असतो, फिरती असते, रात्री सर्व्हर रूममध्ये बसावं लागतं. पण दोन वर्षांत मुलगा तयार होतो. आणि एकदा आत गेलं की पुढच्या परीक्षांचे पैसे बऱ्याचदा कंपनीच भरते. म्हणून बापाच्या पैशाने एकच करावं, आणि तेही सरावानंतर. दुसरं, तिसरं पगारातून किंवा कंपनीच्या खर्चाने. एकाच वर्षात पाच लोगो मिळवलेला रेझ्युमे आला की मला शंकाच येते.

आपल्या मुलांच्या रेझ्युमेवर नसलेल्या गोष्टींचं मला जास्त वाईट वाटतं. एक मुलगा आला होता यावलकडचा. रेझ्युमेवर चार ऑनलाइन कोर्स, सगळे दोन-दोन तासांचे. बोलता बोलता कळलं की कॉलेजच्या तिन्ही वर्षांत तो एका दुकानात काम करत होता. पतसंस्थांची मशीन दुरुस्त करायची, डाळमिलवर जाऊन टॅली दोन मशीनवर शेअर करून द्यायचं, सीसीटीव्हीच्या केबल ओढायच्या, डीव्हीआर लांबून मोबाइलवर दिसावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून द्यायचा. मी विचारलं, हे लिहिलं का नाहीस? म्हणाला, "मॅडम, ते तर दुकानातलं काम." त्या कामात नेटवर्किंगचा अर्धा अभ्यासक्रम आलेला होता. त्या मुलाला नॅट, म्हणजे आतले पत्ते आणि बाहेरचा पत्ता यांची राउटर करतो ती अदलाबदल, म्हणजे काय ते समजावून सांगायची गरजच नव्हती, त्याला फक्त ते नाव माहीत नव्हतं. अशा मुलाने सीसीएनए केलं की त्याच्या हातातलं काम आणि पुस्तकातले शब्द एकमेकांना भेटतात. त्याला ते कळायला कितीसे दिवस लागणार! सर्टिफिकेट कोणी करावंच, असं विचारलं तर मी पहिल्यांदा त्याचं नाव सांगेन.

परीक्षांमध्येही फरक असतो. पर्यायांवर खूण करायची परीक्षा वेगळी आणि समोर मशीन ठेवून "हे करून दाखव" म्हणणारी वेगळी. रेड हॅटची आरएचसीएसए दुसऱ्या प्रकारची. पर्याय नाहीत, व्याख्या नाहीत, खरंखुरं लिनक्स समोर. ३०० पैकी २१० गुण हवेत, आणि मशीन रिबूट झाल्यावर केलेलं टिकलं नाही तर त्याचे गुण नाहीत. तिथे डंप्स फारसे कामाला येत नाहीत. म्हणून कोणाला सर्व्हरच्या बाजूला जायचं असेल तर मी तीच सुचवते.

शिरपूरची एक मुलगी सध्या आरएचसीएसएची तयारी करते आहे. घरात नवीन डिस्क जोडायचा सराव करताना तिने एफएसटॅब फाइलमध्ये, जिथे सुरू होताना कोणती डिस्क जोडायची ते लिहिलेलं असतं, एक ओळ चुकीची लिहिली आणि मशीन सुरूच होईना. रात्री मेसेज आला, "ताई, सगळं गेलं." मी उत्तर सांगितलं नाही, स्क्रीनवर काय लिहून येतंय ते वाचायला सांगितलं. इमर्जन्सी मोड, रूटचा पासवर्ड मागतोय. मग तिने स्वतःच शोधलं, ओळ दुरुस्त केली, मशीन वर आणली. दुसऱ्या दिवशी तिने मला लिहून पाठवलं की यापुढे डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे तिचा न बदलणारा ओळख क्रमांक, लिहीन, आणि रिबूट करण्याआधी एकदा सगळं माउंट होतंय का ते तपासेन. मुलाखतीत मी हेच ऐकायला बसलेली असते. परीक्षेची फी तिने अजून भरलेली नाही. दहावीच्या शिकवण्या घेऊन ती जमवते आहे, आणि तोवर एसईलिनक्सचा, म्हणजे लिनक्समधल्या सुरक्षेच्या नियमांचा, भाग पक्का करायचा राहिलाय.